भिंतीवरच्या तक्त्यातला उद्या

इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही खासगी क्लासमध्ये शिरा, समोरच्या भिंतीवर बारा काळांचा तक्ता असतोच. वर्तमान, भूत, भविष्य असे तीन रकाने आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार कप्पे. भविष्याच्या पहिल्या कप्प्यात सूत्र लिहिलेलं: कर्ता, मग शॅल किंवा विल, मग क्रियापदाचं पहिलं रूप, म्हणजे ‘व्ही वन’. खाली बारीक अक्षरात टीप: ‘आय’ आणि ‘वुई’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. पोरं हे पाढ्यासारखं घोकतात, त्यावर मार्क मिळवतात, आणि पुढे कधीतरी मुलाखतीत समोरच्याने ‘व्हॉट आर यू डुइंग नेक्स्ट इयर?’ असं विचारलं की गडबडतात. प्रश्न पुढच्या वर्षाचा, पण क्रियापद तर चालू वर्तमानाच्या कप्प्यातलं! उत्तर कुठल्या कप्प्यातून काढायचं?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळांमधून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता गल्लीतली मुलं संध्याकाळी वह्या घेऊन येतात, म्हणून हा विषय अजून सुटलेला नाही. माझं म्हणणं साधं आहे. ‘सिंपल फ्यूचर टेन्स’ नावाचा धडा आज जसा शिकवला जातो तसा शिकवणं बंद करावं. शॅल-विलची वाटणी परीक्षेतून काढून टाकावी. आणि उद्याबद्दल इंग्रजीत कसं बोलतात, हे मुलांना त्यांच्या तोंडच्या मराठीवरून शिकवावं. कारण ते बहुतेक सगळं त्यांना येत असतं. आपण सूत्र देऊन ते विसरायला लावतो.

पटत नसेल तर घरातली वाक्यं ऐका. ‘उद्या बार्शीला जाईन’ असं मुलगा म्हणाला, तर आई डब्याची तयारी करत नाही. त्या ‘जाईन’मध्ये पळवाट आहे हे तिला ठाऊक असतं. ‘उद्या बार्शीला जाणार आहे’ म्हणाला तर बेत ठरलाय, ती विचारते, ‘किती वाजता?’ आणि ‘उद्या बार्शीला जातोय’ म्हणाला तर सोबत कोण, गाडी कुठली, सगळं पक्कं झालंय, आता फक्त सांगणं उरलंय. इंग्रजी माणूस जवळजवळ असंच तीन तऱ्हांनी बोलतो. ‘आय विल गो’, ‘आय ॲम गोइंग टु गो’ आणि ‘आय ॲम गोइंग टुमॉरो’. चौथी तऱ्हा वेळापत्रकाची. ‘गाडी सहा चाळीसला सुटते’ असं आपण म्हणतो, सुटेल म्हणत नाही; सुटेल म्हटलं की ऐकणाऱ्याला शंका येते. इंग्रजीतही तिथे ‘द बस लीव्ज’, साधा वर्तमान. रेल्वे स्टेशनवर तर दोन्ही भाषांत घोषणा होते. मराठीत गाडी फलाटावर ‘येत आहे’, इंग्रजीत ‘इज अरायव्हिंग शॉर्टली’. गाडी अजून दोन स्टेशनं मागे असते. ही घोषणा ऐकतच मुलं लहानाची मोठी होतात आणि शाळेत मात्र शिकतात की ‘इज’ अधिक ‘आयएनजी’ म्हणजे आत्ता या क्षणी चालू असलेली क्रिया.

सगळंच असं जुळतं असं नाही, आणि शिक्षकाचं खरं काम नेमकं तिथेच आहे. फोन वाजला की आपण म्हणतो, ‘थांब, मी घेतो.’ जड पिशवी दिसली की, ‘आण, मी धरते.’ मराठीत हा वर्तमानकाळ. इंग्रजीत या जागी ‘आय विल गेट इट’ म्हणतात. आत्ता, जागच्या जागी ठरवलेली गोष्ट, दुसऱ्यासाठी पुढे केलेला हात, दिलेला शब्द, हे ‘विल’चं घरचं अंगण. आमची मुलं इथे ‘आय टेक’ म्हणतात. आणि जिथे महिन्यापूर्वी तिकीट काढलंय तिथे ‘आय विल गो टु पुणे ऑन सॅटरडे’ म्हणतात. म्हणजे हवं तिथे नाही आणि नको तिथे हमखास. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, कुणाचं काही अडत नाही, हे मला मान्य आहे. पण इंग्रजी कानाला दुसऱ्या वाक्यात बेत आत्ताच सुचल्यासारखा वाटतो. मुलाखतीत ‘आय विल डू एमबीए’ म्हणणाऱ्या मुलाने वर्षभर तयारी केलेली असते. तरी समोरच्याला वाटतं, याने हे खुर्चीत बसल्यावर ठरवलं.

एकदा नववीच्या वर्गात ‘माझी इच्छा’ असा चार ओळींचा मजकूर लिहायला दिला होता. एका मुलीने लिहिलं, ‘इफ माय फादर विल सेल द अनियन, आय विल बाय अ सायकल.’ आमच्याकडे कांद्याचं वर्ष कसं गेलं यावर घरातल्या पुष्कळ गोष्टी ठरतात, त्यामुळे वाक्य अगदी खरं होतं. मी तिला म्हटलं, ‘हेच मराठीत सांग बरं.’ ती म्हणाली, ‘बाबांचा कांदा विकला की मी सायकल घेणार.’ फळ्यावर तेच लिहिलं आणि वर्गाला विचारलं, कांदा विकून झाला का? नाही. मग ‘विकला’ कसं? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘बाई, ते तसंच म्हणतात.’

तसंच म्हणतात, हेच उत्तर. ‘पाऊस पडला तर पेरणी करू.’ ‘तू आलास की निघू.’ ‘शाळा सुटली की ये.’ अट सांगताना किंवा वेळ बांधून देताना मराठी भविष्यकाळ वापरत नाही, चक्क भूतकाळाचं रूप वापरते. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते. ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन यू कम’. भविष्य दोघींनाही तिथे चालत नाही, कारण भविष्य पुढच्या अर्ध्या वाक्यात आलेलंच असतं, दोनदा कशाला? हे त्या मुलीला एका तासात कळलं. पण गाइडात ‘जर पाऊस पडेल तर मी जाईन’ असं मराठी छापलेलं असतं, आणि त्याच्याशेजारी त्याचं इंग्रजी. असं मराठी कुणाच्या घरात बोलतात, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. इंग्रजी शिकवण्यासाठी आधी मराठी बिघडवायची ही पद्धत कुणी काढली, देव जाणे.

आता त्या शॅल-विलच्या वाटणीकडे येऊ. ती आली कुठून? 1653 साली जॉन वॉलिस नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं. लिहिलं लॅटिनमध्ये, तेही मुख्यतः परदेशी लोकांसाठी. वॉलिस मूळचा गणिती. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणलं ते त्यानेच. त्याने नियम मांडला की पहिल्या पुरुषात ‘शॅल’ नुसतं भाकीत करतं आणि ‘विल’ वचन किंवा धमकी देतं. दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात बरोबर उलटं. गणिती माणसाला शोभेल असा सुबक नियम. पुढच्या व्याकरणकारांनी तो उचलला, शाळांनी उचलला आणि दक्षिण इंग्लंडातल्या शिकलेल्या घरांत तो शिष्टाचाराचा भाग झाला. त्याच इंग्लंडात एक जुना विनोद सांगत. पाण्यात पडलेला एक आयरिश माणूस ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरच्या व्याकरणशुद्ध मंडळींनी त्याचा अर्थ घेतला की या गृहस्थाचा बुडण्याचा निर्धार आहे आणि कुणी वाचवू नये अशी ताकीद आहे. मंडळी टोप्या काढून उभी राहिली.

विनोद आयरिश लोकांची टिंगल करायला रचलेला. पण त्यातून उलटंच सिद्ध होतं. आयर्लंड, स्कॉटलंड, पुढे अमेरिका, कुठेच ही वाटणी बोलण्यात धड रुजली नाही. 1906 साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्च केली आणि वर कबूलही केलं की दक्षिण इंग्लंडातल्या माणसाला हे आपोआप येतं, इतरांना ते शिकून येणं अवघड आहे. 1925 साली अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी शेकडो वर्षांची इंग्रजी नाटकं तपासून पाहिली, लोक खरंच या नियमाने बोलत होते का म्हणून. नियम आणि बोलणं यांचा मेळ बसला नाही.

आपल्याकडे मात्र तो टिकला. त्यात एका पुस्तकाचा वाटा मोठा आहे, ‘रेन अँड मार्टिन’चा. यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीची गाजलेली कादंबरी लिहिणारेच. हे साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतर आलेलं त्यांचं व्याकरण आजही आपल्या दुकानांत मिळतं. त्याच्याही आधी मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. माझ्या वडिलांनी कंदिलाच्या उजेडात तर्खडकर वाचूनच कारकुनी मिळवली. पण त्या पुस्तकांतलं इंग्रजी हे त्या काळच्या साहेबाला अर्ज लिहिण्याचं इंग्रजी होतं. तो साहेब गेला, त्याचे नातू ‘आय’ला सर्रास ‘आयल’ म्हणतात, आणि त्या ‘ल’च्या मागे शॅल आहे की विल, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

आणखी गंमत अशी की नियमाची अर्धीच बाजू आपण पाठ करतो. ‘आय’ला शॅल लावलं की साधं भविष्य, असं शिकवायचं, मग 4 जून 1940 रोजी चर्चिल कॉमन्समध्ये ‘वुई शॅल’ ‘वुई शॅल’ करत लढण्याची भाषा करत होते, ते काय साधं भाकीत होतं? मार्च 1942 मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेले अमेरिकी सेनानी मॅकार्थर ‘आय शॅल रिटर्न’ म्हणाले, ते काय वेळापत्रक सांगत होते? इंग्रजीतल्या सगळ्यांत गाजलेल्या प्रतिज्ञा ‘शॅल’मध्ये आहेत, तेही पहिल्या पुरुषात, म्हणजे तक्त्याच्या बरोबर विरुद्ध. ‘हम होंगे कामयाब’ आपल्या शाळाशाळांतून गातात. त्याचं मूळ ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं गाणं. ते आधी ‘वुई विल’ असं गायलं जाई. लोकगायक पीट सीगर सांगत की तिथे शॅल घातलं ते आपण तरी किंवा चळवळीतल्या सेप्टिमा क्लार्क यांनी तरी. गाताना त्या शब्दाने तोंड नीट उघडतं. म्हणजे चळवळीच्या त्या ‘शॅल’ला व्याकरणाने नाही, गळ्याने निवडलं.

आज ‘शॅल’ दोनच ठिकाणी जिवंत आहे असं मी मुलांना सांगते. एक, प्रश्नात: ‘शॅल वुई गो?’, ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे आपलं ‘निघूया का?’, ‘खिडकी उघडू का?’. हे शिकवण्यासारखं आहे, आणि नेमकं हेच तक्त्यात नसतं. दोन, कायद्यात. आपल्या राज्यघटनेच्या कलम 52 मध्ये भारताला एक राष्ट्रपती असेल असं म्हटलंय तिथे इंग्रजीत ‘शॅल’ आहे, आणि ते भविष्य नव्हे, आज्ञा आहे. कुठल्या कलमातलं शॅल बंधनकारक आणि कुठलं नुसतं मार्गदर्शक, यावर आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झालेत. अमेरिकेने 2007 साली आपल्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीचे नियम नव्याने लिहिले तेव्हा घोटाळा नको म्हणून शॅल जवळपास हद्दपारच केलं. वकील होणाऱ्यांनी ते शिकावं. सहावीतल्या मुलाला त्याची गरज नाही.

एक गोष्ट तर शिक्षकांनाही सांगितली की ते दचकतात. भाषाशास्त्राच्या हिशेबाने इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच. भूतकाळासाठी क्रियापदाचं रूप बदलतं, ‘गो’चं ‘वेंट’ होतं. मराठीत भविष्यासाठीही बदलतं, ‘करतो’चं ‘करील’ होतं. इंग्रजीत तसं रूपच नाही. विल हे कॅन, मे, मस्ट यांच्या पंगतीतलं सहायक क्रियापद. 1985 साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेलं जाडजूड व्याकरण हेच सांगतं, 2002 साली केंब्रिजने काढलेलं हडलस्टन-पुलम यांचं व्याकरणही हेच सांगतं. विलचा मूळ अर्थ इच्छा. मृत्युपत्राला ‘विल’ म्हणतात ते उगाच नाही. शॅलचा मूळ अर्थ देणं लागणं. इच्छा आणि कर्ज, या दोन गोष्टींतून इंग्रजांनी आपला उद्या बांधला. आणि म्हणूनच विल नेहमी उद्याचंच असतं असंही नाही. दार वाजलं की इंग्रज म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ आपणही म्हणतो, ‘पोस्टमन असेल.’ तो या क्षणी दारात उभा आहे आणि क्रियापद भविष्याचं! ‘तीन शिट्ट्या झाल्या, भात झाला असेल’ यात तर भात होऊनही गेलाय. अंदाज बांधायचा झाला की दोन्ही भाषा भविष्याकडे धाव घेतात. हे पाचवीच्या मुलाला सांगितलं तर तो हसतो, आणि मग विसरत नाही.

माझ्या काही सहकाऱ्यांचा याला विरोध असतो, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, ‘मॅडम, साठ पोरांचा वर्ग, घरात इंग्रजीचा गंध नाही, त्यांना आधी एक ठाम नियम द्यावा लागतो. तुमचे चार प्रकार सांगत बसलो तर पोरगं एकही वाक्य लिहायचं नाही.’ 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा खेड्यातल्या कितीतरी शिक्षकांवर स्वतःला नीट न येणारी भाषा शिकवण्याची वेळ आली, त्यांना तर तक्ता हाच आधार होता. ही अडचण खरी आहे. पण ठाम नियमच द्यायचा तर बरोबर नियम द्या. ‘आय, यू, ही, शी, इट, वुई, दे, सगळ्यांना विल’ हा त्या शॅलच्या टीपेपेक्षा सोपाही आहे आणि खराही. मग पुढच्या आठवड्यात ‘जाणार आहे’साठी ‘गोइंग टु’ द्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘जातोय’. पोरांना मराठी येते, यावर एवढा तरी विश्वास ठेवा.

मराठीच्या अभिमानाने हे म्हणतेय असं कुणी समजू नये. आपल्या भविष्यकाळातही वांधे कमी नाहीत. ‘करीन’ की ‘करेन’, ‘करील’ की ‘करेल’ यावर मी स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडण झालेलं पाहिलंय. ‘बघू’, ‘येईन की’, ‘करू ना’ ही रूपं व्याकरणात होकाराची असली तरी व्यवहारात नकाराची आहेत, हे मराठी माणसाला सांगायला नको. आणि सगळ्यांत पोचलेला भविष्यकाळ सरकारी पत्रातला: ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ कोण करणार, कधी करणार, काहीच पत्ता नाही. कर्ता गायब, काळ मोकळा. माझ्या निवृत्तिवेतनाच्या फरकाबद्दल एका कार्यालयाने मला असं पत्र दोनदा पाठवलंय, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. ‘ॲक्शन विल बी टेकन इन ड्यू कोर्स.’ विलचा उपयोग त्या कारकुनाला पुरता कळलाय असं म्हणायला हवं.

पाठ्यपुस्तकं बदलली, दहावीला कृतिपत्रिका आल्या, हे चांगलं झालं. पण गाइडं, सराव-संच आणि क्लासच्या नोट्स यांतून ‘चेंज इन्टु सिंपल फ्यूचर टेन्स’ हा प्रश्न अजून हटलेला नाही. ‘रामा ईट्स अ मँगो’चं ‘रामा विल ईट अ मँगो’ करा, एक मार्क घ्या. रामा आंबा का खाणार, आईला शब्द दिलाय म्हणून, समोर पेटी आलीय म्हणून, की आपला नुसता अंदाज आहे, याचा पत्ता नसताना ते वाक्य बदलणं म्हणजे आकडेमोड झाली. त्याऐवजी मुलापुढे शनिवार-रविवारचा बेत ठेवा, एसटीचं वेळापत्रक ठेवा, ढग भरून आलेलं चित्र ठेवा आणि चार वाक्यं लिहायला सांगा. तपासायला दोन मिनिटं जास्त लागतील, हे मान्य. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की येत्या घटक चाचणीपासून तो रूपांतराचा प्रश्न वगळा. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

आणि पालकांसाठी एक. जूनमध्ये इंग्रजीच्या क्लासची फी भरण्याआधी सरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘आय विल गो टुमॉरो’ आणि ‘आय ॲम गोइंग टुमॉरो’ यांत फरक काय? ‘एक साधा भविष्यकाळ, एक चालू वर्तमानकाळ’ एवढंच उत्तर मिळालं, तर फी भरू नका.